कॉटनवूड फॉल्सची कचेरी: एका लहान काउंटी-मुख्यालयाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील चेस काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग) 2020 च्या जनगणनेनुसार 2,572 माणसे राहतात आणि त्यांपैकी 851 जण तिच्या मुख्यालयाच्या गावी, म्हणजे कॉटनवूड फॉल्स येथे राहतात. काउंटीचा विस्तार दोन हजार चौरस किलोमीटरच्या घरात असल्यामुळे दर चौरस किलोमीटरला जेमतेम सव्वा माणूस पडतो. गावाच्या मुख्य रस्त्याचे नाव ब्रॉडवे. तो विटांनी फरसबंद केलेला आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी दगडी दुकाने आहेत आणि काही मिनिटांत पायी संपेल एवढीच त्याची लांबी आहे. पण तो जिथे संपतो तिथे, दक्षिण टोकाला, घडीव चुनखडकाची तीन मजली इमारत उभी आहे आणि तिच्या उतरत्या लाल छपराच्या माथ्यावर घड्याळाचा मनोरा आहे. ही चेस काउंटीची कचेरी. ती 1873 मध्ये बांधून पूर्ण झाली आणि काउंटीचा कारभार आजही तिच्यातूनच चालतो. कॅन्ससमध्ये अजून वापरात असलेली याहून जुनी काउंटी-कचेरी दुसरी नाही.

मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला वापरात असलेली ही सर्वांत जुनी कचेरी आहे, असेही तिच्याविषयी अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. आयोवा राज्यातील कीओसॉक्वा येथील व्हॅन ब्युरेन काउंटीची कचेरी 1843 मध्ये पूर्ण झाली आणि तीही नदीच्या पश्चिमेलाच आहे व वापरातही आहे. कॉटनवूड फॉल्सच्या इमारतीचे महत्त्व अशा उसन्या मोठेपणावर अवलंबून नसल्यामुळे ही दुरुस्ती सुरुवातीलाच करून ठेवलेली बरी.

एवढ्या लहान गावाने एवढी मोठी इमारत का बांधली, आणि वस्ती घटत गेली तरी ती दीडशे वर्षे कामात कशी राहिली, हा या अभ्यासाचा विषय आहे. माझे मत असे की, मुख्यालय आपल्याच गावी राहावे या जिद्दीतून ती बांधली गेली, आणि पुढे ती टिकली याचे सर्वांत मोठे कारण तिच्यात रोजचे काम होत राहिले हे आहे. वारसा म्हणून तिची कदर झाली ती पुष्कळ नंतर.

मुख्यालयाला एवढे मोल का होते

कॅन्सस राज्यात 105 काउंट्या आहेत. काउंटीच्या मुख्यालयात जमिनीच्या खरेदीखतांची नोंद होते, कर भरला जातो, विवाहाचे परवाने दिले जातात, मृत्युपत्रे दाखल होतात, निवडणुकीची व्यवस्था होते, शेरिफ बसतो आणि न्यायालय भरते. आपल्या वाचकासाठी सांगायचे तर तहसील कचेरी, दुय्यम निबंधकाचे कार्यालय, तालुका न्यायालय आणि पोलीस ठाणे एका छपराखाली आणले तर जे तयार होईल, ते म्हणजे अमेरिकेतील काउंटीची कचेरी. म्हणूनच या लेखात तिला निव्वळ ‘न्यायालय’ न म्हणता ‘कचेरी’ म्हटले आहे. काउंट्यांच्या सीमा आखताना साधारण अपेक्षा अशी असे की शेतकऱ्याने सकाळी घोड्यावरून निघावे, कचेरीतले काम उरकावे आणि दिवस मावळेपर्यंत घरी परतावे.

ज्या गावात हे काम चाले त्या गावात वकील राहत, वृत्तपत्र निघे, खाणावळ आणि हॉटेल चाले, लोहार, सुतार आणि दुकानदार यांना बारमाही गिऱ्हाईक मिळे. आपल्याकडे परगण्याच्या मुख्य गावाला कसबा म्हणत आणि पेठ त्याच्याच आधाराने वसे. हिशेब तोच होता. फरक असा की आपले कसबे शतकानुशतके वसत गेले, तर कॅन्ससमध्ये एकेक गाव काही महिन्यांत कागदावर आखले जाई, त्याचे प्लॉट विकायला काढले जात आणि ते गाव मुख्यालय झाले तर त्या प्लॉटांचे मोल वाढे, नाही झाले तर मालकाच्या हाती उघडा माळ उरे. त्यामुळे मुख्यालय कोणते हे ठरवण्यासाठी मतदान होई, मतदानात लबाड्या होत, दप्तर रातोरात उचलून नेले जाई, आणि काही ठिकाणी गोळ्याही झाडल्या जात. या झगड्यांना तिकडे ‘काउंटी सीट वॉर’ असे सरळ युद्धाचेच नाव आहे.

एकाच माणसाची दोन गावे

चेस काउंटीच्या स्थापनेत ज्याचा सर्वांत मोठा हात होता तो सॅम्युएल वुड हा या प्रकरणातला सर्वांत विलक्षण माणूस आहे. तो मूळचा ओहायोचा. गुलामगिरीच्या विरोधात उभे राहण्यासाठी 1854 मध्ये जी मंडळी कॅन्ससमध्ये आली त्यांच्यात तो होता, आणि 1855 च्या नोव्हेंबरात शेरिफच्या ताब्यातून गुलामगिरीविरोधी गटातील जेकब ब्रॅन्सन याची सुटका करणाऱ्या टोळीचे नेतृत्व त्यानेच केले; या घटनेवरून जो संघर्ष पेटला तो वाकारूसा युद्ध म्हणून ओळखला जातो. 1859 मध्ये चेस काउंटी निर्माण झाली, तिला ओहायोचे तेव्हाचे गव्हर्नर आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक सॅमन चेस यांचे नाव देण्यात आले, आणि वुडने कॉटनवूड फॉल्समध्ये वृत्तपत्र सुरू केले. गावाचे नाव कॉटनवूड नदीवरच्या लहानशा धबधब्यावरून आले. याच जागी पुढे बंधारा घालून पिठाची गिरणी चालवण्यात आली. चेस पुढे लिंकन यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले आणि त्यानंतर अमेरिकेचे सरन्यायाधीश. त्यांच्या नावाची कचेरी ज्या वर्षी उभी राहिली त्याच वर्षी, 1873 च्या मे महिन्यात, त्यांचे निधन झाले.

वुडने 1867 मध्ये कॅन्ससमधील स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळावा या मोहिमेचे पुढारपण केले. मोहीम हरली, पण तो थांबणाऱ्यांपैकी नव्हता. वीसेक वर्षांनी तो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील स्टीव्हन्स काउंटीत गेला आणि तिथे वुड्सडेल नावाचे नवे गाव त्याने वसवले. त्याची गाठ ह्यूगोटन या गावाशी पडली. मुख्यालय ह्यूगोटन की वुड्सडेल यावरून वाद इतका चिघळला की 25 जुलै 1888 रोजी ह्यूगोटनच्या सशस्त्र टोळीने वुड्सडेलच्या बाजूच्या शेरिफ जॉन क्रॉस याला आणि त्याच्या साथीदारांना, गवत कापणाऱ्यांच्या तळावर मुक्कामाला असताना, गाठले आणि गोळ्या घातल्या. पाचांपैकी चौघे मेले. पाचवा, हर्बर्ट टॉनी नावाचा कोवळा तरुण, मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिला म्हणून वाचला. ही जागा कॅन्ससच्या सीमेबाहेर, कोणत्याच राज्यात न मोडणाऱ्या पट्ट्यात होती. वुडने खटला उभा केला, टेक्सासमधील पॅरिस येथील संघीय न्यायालयात आरोपींना दोषीही ठरवले गेले. पण 1891 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. त्याच वर्षी 23 जूनला ह्यूगोटनमध्ये ज्या चर्चमध्ये तात्पुरते न्यायालय भरत होते त्याच्याबाहेर, पत्नीच्या डोळ्यांदेखत, जेम्स ब्रेनन याने वुडला गोळ्या घातल्या. निःपक्षपाती ज्यूरी मिळेना, म्हणून ब्रेननला शिक्षा झाली नाही.

ह्यूगोटन आजही स्टीव्हन्स काउंटीचे मुख्यालय आहे. वुड्सडेल नकाशावरून पुसले गेले आहे. वुडचे दफन मात्र कॉटनवूड फॉल्सच्या दफनभूमीत झाले. एकाच माणसाने पाय रोवलेल्या दोन गावांपैकी एक मुख्यालय झाले आणि राहिले, दुसरे होऊ शकले नाही आणि नाहीसे झाले. मुख्यालयाचे मोल समजून घ्यायला यापेक्षा स्पष्ट तुलना मला तरी माहीत नाही.

रेल्वे नदीच्या पलीकडून गेली

कॉटनवूड फॉल्सवर असे संकट आले नाही असे नाही. ते बंदुकीच्या रूपाने आले नाही, एवढेच. 1871 मध्ये ॲचिसन, टोपीका अँड सांता फे रेल्वेचा मार्ग काउंटीत आला, पण तो नदीच्या उत्तरेकडून. नदीच्या दक्षिणेला असलेले मुख्यालय बाजूला राहिले आणि तिथून साधारण दोन मैलांवर कॉटनवूड स्टेशन या नावाने नवी वस्ती उभी राहू लागली. पुढे 1881 मध्ये तिला रेल्वेचे अध्यक्ष विल्यम स्ट्राँग यांच्यावरून स्ट्राँग सिटी असे नाव मिळाले. दगडाच्या खाणी तिथे, गुरे चढवण्या-उतरवण्याची सोय तिथे, प्रवासी तिथे. त्या काळातल्या कॅन्ससमध्ये रेल्वे ज्या गावाला चुकवी त्या गावाचे पुढे काय होते हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले होते: लोक घरेच्या घरे लाकडी ओंडक्यांवर चढवून रुळांच्या कडेला ओढत नेत.

अशा वेळी, 1871 मध्येच, काउंटीने नव्या कचेरीसाठी सुमारे 40,000 डॉलरचे कर्जरोखे काढण्याचे ठरवले. 1870 च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या दोन हजारांच्या आत होती. म्हणजे बायका-मुले धरून माणशी वीस डॉलरचे कर्ज या लोकांनी एका इमारतीसाठी डोक्यावर घेतले. त्यातले बहुतेक लोक नुकतेच स्थिरावत होते आणि कित्येकांची स्वतःची घरे अजून एकखणी होती. रेल्वेची बातमी आणि कर्जरोख्यांचा निर्णय यांचा परस्परसंबंध कोणी लेखी नोंदवून ठेवला आहे असे मी म्हणत नाही. परंतु दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडाव्यात हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. लाकडी कचेरी बैलांना जुंपून दुसऱ्या गावी ओढून नेता येते. घडीव दगडाची तीन मजली कचेरी हलत नाही, आणि तिच्यावर पैसा खर्च झाल्यानंतर ‘मुख्यालय स्टेशनजवळ नेऊ या’ असे म्हणणाऱ्याला आधी त्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो.

निर्णय धाडसाचा होता हे पुढच्या तीन वर्षांत कळून आले. 1873 च्या सप्टेंबरात अमेरिकेत आर्थिक मंदीचे संकट कोसळले आणि 1874 च्या उन्हाळ्यात टोळधाडीने कॅन्ससची उभी पिके खाऊन टाकली. कर्जरोखे काढण्याचा विचार तीन वर्षे पुढे ढकलला असता तर ही इमारत उभी राहिली नसती, असे मानायला जागा आहे.

दगड, लाकूड आणि एक जिना

इमारतीचा आराखडा जॉन हॅस्केल याने केला. कॅन्ससच्या विधानभवनाच्या पूर्वेकडील भागाचे कामही याच वास्तुविशारदाने पाहिले होते. त्या काळी फ्रान्समधून आलेली एक शैली अमेरिकेत मान्यता पावली होती, जिच्यात वरचा मजला तीव्र उताराच्या छपरातच सामावलेला असतो. हॅस्केलने तीच निवडली. शैली पॅरिसची असली तरी सामान मात्र सगळे घरचे. चुनखडक याच परिसरातला. या भागातल्या एका थराला भूगर्भशास्त्रज्ञांनी ‘कॉटनवूड चुनखडक’ असे गावाशी जोडलेले नाव दिले आहे. सुमारे अठ्ठावीस-तीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता आणि त्यात फ्युझुलिनिड नावाचे एकपेशीय जीव राहत. त्यांच्या कवचांचे जीवाश्म या दगडात इतके दाटीने भरलेले असतात की फोडलेल्या पृष्ठभागाकडे जवळून पाहिले तर फिकट पिवळसर पिठात गव्हाचे दाणे मळून ठेवावेत तसा तो दिसतो. दगड मऊ नाही, पण एकसंध आहे, त्यामुळे तो मोठ्या चिऱ्यांमध्ये निघतो आणि टाकीच्या घावाला सरळ फुटतो. पुढे स्ट्राँग सिटीच्या खाणींतून हाच दगड रेल्वेच्या पुलांसाठी दूरवर गेला.

आतला जिना या इमारतीतली सर्वांत देखणी गोष्ट आहे. तो काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा आहे. ही झाडे कॉटनवूड नदीच्या काठची. तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत तो वळत वळत चढतो आणि खाली उभे राहून वर पाहिले तर कठड्याची एकच सलग गडद रेषा वाटोळी फिरत वर जाताना दिसते. वरच्या लंबगोल खिडकीतून समोरचा ब्रॉडवे सरळ रेषेत उत्तरेकडे उतरत जाताना दिसतो, आणि रस्त्याची आखणी आणि कचेरीची जागा यांचा मेळ किती जाणीवपूर्वक घातला आहे हे तिथून लक्षात येते: गावात कुठूनही आलात तरी ब्रॉडवेवर पाऊल ठेवताच कचेरी समोर. इमारतीत जुनी कोठडीही आहे. न्यायालय, दप्तर आणि तुरुंग यांना वेगवेगळ्या इमारती बांधण्याची ऐपत या काउंटीला फार काळ नव्हती, आणि ही गरिबीच पुढे इमारतीच्या पथ्यावर पडली, कारण एक काम दुसरीकडे गेले की इमारतीचा एक भाग ओस पडतो आणि पडझडीची सुरुवात तिथूनच होते.

1873 ची दुसरी बाजू

याच 1873 च्या जून महिन्यात, कॉटनवूड फॉल्सच्या उत्तरेला शेजारच्याच मॉरिस काउंटीतील कौन्सिल ग्रोव्हजवळ राहणाऱ्या कॉ या आदिवासी जमातीला तिची उरलेली जमीन सोडून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. कॅन्सस या राज्याला नाव मिळाले ते याच लोकांवरून. कॅन्झा हे त्यांचेच दुसरे नाव. ज्या गवताळ प्रदेशात ते गव्यांच्या शिकारीला जात तो प्रदेश आधी करारांनी तुकड्यातुकड्याने त्यांच्याकडून घेतला गेला, मग मोजला गेला, त्याचे चौकोन पाडले गेले, आणि त्या चौकोनांची खरेदीखते ज्या कचेरीत नोंदवायची ती कचेरी त्यांना घालवल्याच्याच वर्षी बांधून पूर्ण झाली. गावाच्या इतिहासाची मांडणी करताना इमारतीचे 1873 आणि कॉ लोकांचे 1873 ही दोन वर्षे वेगवेगळ्या पानांवर ठेवली जातात. ती एकाच पानावर ठेवली पाहिजेत असे मला वाटते, कारण जमिनीचे दप्तर ठेवण्याची गरज जमीन हातात आल्यावरच निर्माण होते.

गावात कचेरीच्या जवळच रोनिगर संग्रहालय आहे. शेती करणाऱ्या दोन भावांनी आयुष्यभर गोळा केलेली आदिवासींची दगडी बाणाग्रे आणि अवजारे तिथे ठेवलेली आहेत. नांगराच्या फाळाला लागून वर आलेल्या या वस्तू जपून ठेवणारे हात त्याच जमिनीच्या नव्या मालकांचे होते, आणि आज त्या पाहायच्या असतील तर कचेरीच्याच आवारात यावे लागते.

गवताने ठरवलेली लोकसंख्या

काउंटीची लोकसंख्या 1900 च्या सुमारास सव्वाआठ हजारांपर्यंत गेली आणि त्यानंतर उतरत गेली. याचे मूळ जमिनीत आहे. हा सारा मुलूख फ्लिंट हिल्स म्हणजे गारगोटीच्या टेकड्या म्हणून ओळखला जातो. 1806 मध्ये इथून गेलेल्या झेब्युलन पाइक या लष्करी अधिकाऱ्याच्या रोजनिशीत ते वर्णन पहिल्यांदा आले. चुनखडकाच्या थरांत गारगोटीचे पट्टे आहेत, वरची माती पातळ आहे आणि नांगराचा फाळ तिच्यात टिकत नाही. नदीकाठची गाळाची जमीन तेवढी पिकते. त्यामुळे जो शेतकरी धान्याच्या आशेने आला तो टेकड्यांवर हरला. जमीन मोठ्या कुरणांच्या मालकांकडे गेली, आणि हजारो एकरांचे कुरण सांभाळायला माणसे थोडीच लागतात.

पण याच कारणामुळे गवत वाचले. उत्तर अमेरिकेत एके काळी सुमारे 17 कोटी एकरांवर उंच गवताचा माळ होता. त्यातला चार टक्क्यांहूनही कमी उरला आहे आणि जो उरला आहे त्याचा मोठा भाग या टेकड्यांत आहे. बिग ब्लूस्टेम हे इथले मुख्य गवत पावसाळी वर्षात पुरुषभर उंचीच्या वर जाते आणि त्याची मुळे त्याहूनही खोल उतरतात. दरवर्षी वसंतात, मुख्यतः एप्रिलमध्ये, मालक वारा पाहून, शेजाऱ्यांना सांगून, ठरवून हा माळ पेटवतात. जुने वाळके गवत जळते, झुडपांची रोपे मरतात, मुळे जमिनीखाली सुरक्षित राहतात आणि काळ्या राखेतून काही दिवसांत हिरवा कोंब वर येतो. मग उन्हाळाभर चरण्यासाठी बाहेरून गुरे आणली जातात. पूर्वी टेक्सासची गुरे रेल्वेने यायची, आता ट्रकने येतात. व्यवहार तोच आहे.

कुरणांच्या कडेने जागोजागी दगडी गडगे दिसतात, त्यांचीही एक सरकारी कहाणी आहे. 1867 च्या कॅन्ससच्या कायद्याने मोकळी चराई बंद करून जमीनमालकांना कुंपण घालायला लावले, आणि साडेचार फूट उंचीचा दगडी गडगा बांधणाऱ्याला दर साडेसोळा फुटांमागे 40 सेंट देऊ केले. शेतातून वेचलेले दगड टाकायचे कुठे हा प्रश्न होताच. कायद्याने त्याला दर ठरवून दिला. स्टीफन जोन्स या गुरांच्या मोठ्या व्यापाऱ्याने 1881 मध्ये स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला उतारावर आपले चुनखडकाचे तीन मजली घर बांधले. त्याचे छप्पर कचेरीच्याच घाटाचे आहे आणि शेजारचा गोठाही तीन मजली दगडी आहे. 1882 ची एकखोली शाळा त्याच कुरणातल्या एका टेकडीवर आजही उभी आहे. हे सारे आता टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हमध्ये येते. उंच गवताचे राष्ट्रीय उद्यान करावे ही कल्पना अनेक दशके चर्चेत होती, पण सरकारने जमीन ताब्यात घेण्याला कुरणमालकांचा कडवा विरोध होता. अखेर 1996 मध्ये तोडगा निघाला तो असा की सुमारे 10,900 एकरांच्या या क्षेत्रात केंद्र सरकारच्या मालकीची जमीन 180 एकरांपलीकडे जाऊ नये आणि उरलेली खाजगी विश्वस्तांकडे राहावी. 2009 मध्ये साउथ डकोटातील विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून 13 गवे आणून इथे सोडण्यात आले.

इतर खुणा

गावाच्या उत्तर टोकाला नदीवर 1914 चा काँक्रीटच्या कमानींचा पूल आहे. वाहने आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात आणि जुना पूल चालणाऱ्यांसाठी ठेवला आहे. काउंटीच्या पश्चिम भागात क्लेमेंट्सजवळ 1886 चा दुहेरी कमानीचा दगडी पूलही असाच पायी जाणाऱ्यांपुरता उरला आहे. ब्रॉडवेवरचे ग्रँड सेंट्रल हॉटेल 1884 चे आहे, म्हणजे कचेरीत तारखेसाठी येणाऱ्या वकील-पक्षकारांच्या काळातले.

एक घटना मात्र जराशी थांबून सांगण्याजोगी आहे. 31 मार्च 1931 रोजी काउंटीच्या दक्षिण भागात बझार या खेड्याजवळच्या कुरणात एक प्रवासी विमान कोसळले आणि आतले आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांच्यात नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक क्नूट रॉकनी होते आणि त्यांची लोकप्रियता एवढी होती की अख्खा देश हादरला. मृतदेह कॉटनवूड फॉल्सला आणण्यात आले. विमान फोकर कंपनीचे तीन इंजिनांचे होते, त्याचा पंख लाकडी होता आणि आतल्या आत ओल शिरून चिकटवलेले जोड सुटल्यामुळे तो हवेत निखळला. या अपघातानंतर लाकडी पंखांच्या विमानांवरचा प्रवाशांचा विश्वास उडाला, तपासण्या कडक झाल्या आणि विमान कंपन्या संपूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या. जिथे विमान पडले तिथे कुरणात एक स्मारकस्तंभ आहे. ती जमीन खाजगी आहे आणि आजूबाजूला गुरे चरत असतात.

कचेरी आज कशावर चालते

1971 मध्ये कचेरीचे नाव ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आले. तोवर ती 98 वर्षे चालून झाली होती. मोठ्या काउंट्यांनी विसाव्या शतकात जुन्या कचेऱ्या पाडून नव्या बांधल्या, कारण त्यांचे काम वाढले होते. चेस काउंटीचे काम कमी होत होते, म्हणून जुन्या खोल्या पुरत राहिल्या. तेव्हा वाढ खुंटणे हे गावाचे दुर्दैव असले तरी इमारतीचे सुदैव ठरले. मात्र काम कमी होणे आणि काम संपणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखण्यात कॅन्ससच्या एका कायद्याचा वाटा मोठा आहे.

त्या कायद्यानुसार राज्यातील प्रत्येक काउंटीत, तिथेच राहणारा आणि तिथेच मुख्य कार्यालय असलेला किमान एक न्यायाधीश असलाच पाहिजे. चेस काउंटी शेजारच्या लायन काउंटीबरोबर पाचव्या न्यायिक जिल्ह्यात येते, आणि लायनचे मुख्यालय एम्पोरिया हे पूर्वेला साधारण वीस मैलांवर, कॉटनवूड फॉल्सच्या कितीतरी पट मोठे शहर आहे. नुसत्या खर्चाच्या हिशेबाने पाहिले तर अडीच हजार लोकांसाठी स्वतंत्र न्यायाधीश ठेवणे महागाचे आहे. अशा लहान काउंट्यांत दंडाधिकारी दर्जाचा न्यायाधीश वकील नसला तरी चालतो, अशी सवलतही त्यामुळेच आहे. राज्याच्या न्यायव्यवस्थेचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या आयोगाने 2012 मध्ये हा नियमच काढून टाकावा आणि न्यायाधीश कामाच्या ओझ्याप्रमाणे वाटावेत, अशी शिफारस केली.

शिफारसीमागचा विचार समजण्यासारखा आहे. एका काउंटीत न्यायाधीशाकडे पुरेसे काम नाही आणि दुसरीकडे खटल्यांचा ढीग पडला आहे, ही स्थिती न्याय्य म्हणता येत नाही. पण अंतराचा हिशेबही मांडायला हवा. मॅटफील्ड ग्रीन या काउंटीतल्याच खेड्याच्या दक्षिणेकडच्या एखाद्या कुरणावरचा गडी पोटगीच्या किंवा कुंपणाच्या दाव्यासाठी आज कॉटनवूड फॉल्सला येतो. त्याला एम्पोरियाला जावे लागले तर त्याचा दिवस मोडतो, आणि तारीख पुढे गेली की दुसराही मोडतो. घोड्यावरून एका दिवसात जाऊन येण्याचा जो जुना हिशेब होता तो मोटारीने बदलला खरा, पण पूर्ण मोडीत काढलेला नाही. शिवाय न्यायालय गेले की वकिलाचे कार्यालय जाते, त्याच्यामागोमाग हॉटेल आणि दुपारचे जेवण देणारी दुकाने जातात, आणि मग एवढ्या मोठ्या इमारतीचे छप्पर दुरुस्त करण्यासाठी काउंटीकडे कर मागणेही अवघड होते. स्ट्राँग सिटीत 2020 च्या जनगणनेनुसार 386 माणसे राहतात. तिथल्या रेल्वे स्थानकावर आता प्रवासी गाड्या थांबत नाहीत.

आयोगाची शिफारस कायद्यात उतरली नाही. काउंटीला तिचा न्यायाधीश अजून आहे, आणि ज्या दिवशी तारखा असतात त्या दिवशी लोक ब्रॉडवेवर गाड्या लावून विटांच्या रस्त्याने वर चालत येतात आणि अक्रोडाचा कठडा धरून जिना चढतात.